दारापाशीचा रिकामा पलंग

रूथबाई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात चमचा होता, चमच्यात पेज होती आणि समोर गोदाआजी तोंड उघडून बसल्या होत्या. फोन बाईंच्या भाच्याचा. "मावशी गेली. सकाळीच. तुम्हाला कळवावं म्हटलं," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. आवाजात घाई होती, यादीतला पुढचा नंबर लावायचा असणार. मी फोन बाजूला ठेवला आणि गोदाआजींना पुढचा घास दिला. गिळला का ते बघितलं, मग त्याच्या पुढचा. भरवायला बसलं की वाटी संपेपर्यंत उठायचं नाही, पाहुणा येवो, साहेब येवो नाहीतर आभाळ कोसळो... हा नियम रूथबाईंचाच. वाटी संपली. आजींचं तोंड पुसलं, त्यांना थोडा वेळ टेकून बसतं ठेवलं, आणि मग मोरीत जाऊन, नळ मोठा सोडून मी रडले. नळ अशासाठी की कुणी रडलेलं ऐकलं की आमच्या म्हाताऱ्या घाबरतात.

दुसऱ्या दिवशी फाटकावर फ्लेक्स लागला. 'सेवाव्रती माऊलीस भावपूर्ण श्रद्धांजली.' त्यात बाईंचा फोटो कोपऱ्यात, पासपोर्टाएवढा. आणि आमच्या ट्रस्टच्या अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो पुरुषभर उंच. मेलं कोण हे कळायला अगदी जवळ जाऊन वाचावं लागत होतं. येणारा दूधवाला मला म्हणाला, "अरारा, साहेब गेले का? कशानं?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, आपलं नशीब एवढं कुठलं." बोलून गेले. परत घेणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नगरहून पाथर्डीकडे निघालं की शहर मागं पडल्यावर आमचा वृद्धाश्रम लागतो. वृद्धाश्रम म्हटलं की लोकांना बागेत फिरणारे, भजन म्हणणारे आजी-आजोबा दिसतात. आमच्याकडे तसलं काही नाही. आमच्याकडे येतात ते अंथरुणाला खिळलेले. कुणाचं अर्धं अंग गेलेलं, कुणाचं खुब्याचं हाड मोडलेलं, कुणी स्वतःचं नाव विसरलेलं. रूथबाई तिथल्या मेट्रन आणि मी, कमल, त्यांच्या हाताखालची नर्स. आता मी त्यांच्या जागेवर आहे असं म्हणतात. पेपरच्या या पुरवणीसाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा 'जरा हळवं लिहा' असंही सांगितलं होतं. हळवं लिहायला नगरात पुष्कळ लोक मोकळे आहेत, शोकसभेला सगळे आले होते, त्यांच्याकडून घ्या. मला एका पलंगाबद्दल लिहायचंय. वॉर्डच्या दारापाशीचा तो रिकामा पलंग हीच बाईंनी मागं ठेवलेली एकमेव कामाची गोष्ट, आणि बाई गेल्यावर महिना उलटायच्या आत आम्ही ती आमच्याच हातानं, हार-फुलं वाहून, संपवायला निघालो होतो.

त्या पलंगाशी माझी ओळख पहिल्याच दिवशी झाली. मी नेवाशाची. नर्सिंगचा कोर्स केलेला, खाजगी दवाखान्यांत इंजेक्शनं देऊन हात बसलेला आणि डोक्यात हवा. इस्त्रीचा पांढरा ड्रेस घालून हजर झाले. वाटलं, मेट्रनबाई औषधांचं कपाट दाखवतील, पेशंटची ओळख करून देतील. बाईंनी जाड भिंगांच्या चष्म्यातून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पलंगाकडे बोट केलं. "झोप."

"अहो, मी कामाला आलेय."

"हेच काम. झोप म्हटलं ना?"

झोपले. दोन मावश्या आल्या, माझे हात अंगासरसे ठेवून त्यांनी जुन्या लुगड्यात गुंडाळले. आता दुपारच्या जेवणापर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही, खाजवायचं नाही, असा हुकूम. आणि मग हौसाबाई नावाच्या मावशीनं मला, बाहेर सगळीकडे पेशंटला जसं वागवतात तसं, अगदी तसंच वागवलं. पत्ता न लागू देता अंगावरची चादर ओढली. थंड हातानं पाठ धरून लोटली. पहिला घास तोंडात असताना दुसरा कोंबला, आणि माझ्या डोक्यावरून पलीकडच्या बाईला म्हणाली, "हिचं झालं का गं? लई जड हाय ही." मी तिथंच होते हो! जिवंत, नेवाशाची, कोर्स केलेली! नाकावर माशी बसली. उडाली, पुन्हा बसली. आयुष्यात कुठल्या माणसाचा केला नसेल एवढा द्वेष मी त्या माशीचा केला. आणि या सगळ्यात पाठीखाली काहीतरी होतं... आधी जाणवलं नाही, मग जाणवलं, मग त्याच्याशिवाय दुसरं काही जाणवेचना. शेवटी मी लुगडं फेकून ताडकन उठले आणि ओरडले, "बाई, ही काय थट्टा लावलीय तुम्ही?"

बाई काही चिडल्या नाहीत. त्यांनी चादर उचलून दाखवली. खालच्या चादरीला एक चुणी होती, बोटाएवढी. मुद्दाम घातलेली. "तू उठलीस," त्या म्हणाल्या. "या सगळ्या उठू शकत नाहीत. आता परत झोप, हौसा नीट करून दाखवील." आणि खरंच, उरलेला वेळ हौसाबाईनं सगळं नीट केलं. डोळ्यांसमोर येऊन आधी नाव घेतलं, काय करणार ते सांगितलं, हात चोळून ऊन केले, चादरीवरून तळवा फिरवून चुणी मोडली आणि मग मला कुशीवर घेतलं. आधी वाईट, मग नीट. दोन्ही स्वतःच्या पाठीनं शिकायचं. तिथं नवा आलेला प्रत्येक माणूस, नर्स असो, मावशी असो की झाडूवाला, आधी त्या पलंगावर झोपला आणि मगच पेशंटला हात लावू शकला. बाईंचा रिवाज तो. त्याला अपवाद नव्हता.

रूथबाई नगरच्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या. वडील खेड्यात मास्तर होते. बाईंची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून त्या आमच्याकडे आल्या. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून कुणी विचारलंच तर "सवड नव्हती" म्हणायच्या. बुटक्या, चालीनं फताड्या, आवाज असा की वॉर्डात बोलल्या तर फाटकावरचा वॉचमन उभा राहायचा. शोकसभेत एकानं त्यांना 'शांत, सोशिक मूर्ती' म्हटलं. कपाळ माझं! सोशिक? अहो, त्या बाईनं आम्हाला असं काही झापलंय की ऐकणाऱ्यानं कानांवर हात ठेवावेत. टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूलासुद्धा त्या मोठ्यानं शिव्या घालायच्या आणि पलंगावरच्या म्हाताऱ्यांना त्यात सामील करून घ्यायच्या. माफी म्हणून कधी मागायच्या नाहीत. कुणाला फार बोलल्या असतील तर दुसऱ्या दिवशी डब्यात सुकटीची चटणी आणायच्या आणि त्या पोरीसमोर डबा सरकवून दुसरीकडे बघायच्या. मी ती चटणी पुष्कळ वेळा खाल्ली आहे.

मात्र लांबून हाक मारून पेशंटबद्दल बोलणं त्यांना चालत नसे. 'अमक्याचं बदला', 'तमकीचं ओलं झालंय' असं चारचौघांत ओरडायचं नाही. म्हाताऱ्या माणसाला लाज नसते असं कुणी सांगितलं, म्हणायच्या. म्हणून त्यांची एक खूण होती. वॉर्डाच्या एका टोकाला उभ्या राहायच्या आणि तव्यावरची भाकरी उलटावी तसा तळवा उताणा करायच्या, नजर त्या पेशंटकडे. म्हणजे त्याची कूस बदलायची वेळ झाली. दर दोन तासांनी कूस. एकाच बाजूवर माणूस पडून राहिला की पाठीला, माकडहाडाला लाली येते, लालीचं कातडं जातं, आणि मग आत खड्डा पडत जातो, तो भरता भरत नाही. बाईंच्या वॉर्डात कुणाला असली जखम झाली नाही. बाहेरून घेऊन आलेले पुष्कळ जण होते. आमच्या पलंगावर जखम झालेला एकही माणूस नव्हता. याबद्दल कुठल्या शोकसभेत कुणी एक अक्षर काढलं नाही, कारण न झालेल्या जखमेचा फोटो काढता येत नाही.

फोटोवरून आठवलं. वाढदिवसवाले. हल्ली कुणाचाही वाढदिवस असला, पुढाऱ्याचा म्हणा, बिल्डरच्या पोराचा म्हणा, की माणसं वृद्धाश्रमात केक घेऊन येतात. दोन डझन केळी आणि फोटो काढायला चार डझन माणसं. असाच एक घोळका एकदा आला. मी ड्रेसिंगला आत होते. गळ्यात सोन्याची साखळी अडकवलेल्या उत्सवमूर्तीनं फोटोसाठी आमच्या बापूंच्या तोंडात अख्खा पेढा घातला. बापूंना गिळता येत नाही नीट, त्यांना आम्ही सगळं पातळ करून, मान पुढं धरून भरवतो. पण पेढा भरवताना चेहरे कॅमेऱ्याकडे! बापूंचे डोळे बाहेर आले, चेहरा काळा-निळा पडायला लागला, आणि ही माणसं आपली "हसा, बापू, हसा" म्हणतायत. बाई कुठून आल्या देव जाणे. घोळका कोपरानं फाडला, बापूंना पुढं वाकवलं, पाठीवर हाताच्या टाचेनं दणके घातले, तोंडात बोट घालून तो लगदा बाहेर काढला. बापूंनी श्वास घेतला तसा बाईंनी तो पेढ्याचा लाळेनं भरलेला गोळा त्या माणसाच्या हातावर ठेवला. "घ्या. तुमचा प्रसाद." तेव्हापासून नियम झाला, वाढदिवसवाल्यानं यायचं तर एका पेशंटला अख्खं जेवण, आमच्या पद्धतीनं, वाटी संपेपर्यंत भरवायचं. फोटो नंतर. बहुतेकांना मग अचानक दुसरा कार्यक्रम आठवू लागला. एक कॉलेजची पोरगी तेवढी दर महिन्याला येते, तिला वाढदिवस लागत नाही.

पण खरी कसोटी वाढदिवसवाल्यांची नव्हे, दसऱ्यानंतरची. आमच्या निम्म्या मावश्या पाथर्डीकडच्या गावांतल्या. दसरा-दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जावं लागतं, कोयत्याला जोडी लागते, नवरा एकटा जाऊन भागत नाही. आठवड्याभरात वॉर्ड ओस. पहिल्या वर्षी हे झालं तेव्हा ट्रस्टची मीटिंग भरली. चहा आला. अध्यक्ष म्हणाले, "या बायका बेइमान. जीव लावावा तर अशा पळून जातात." बाई म्हणाल्या, "पळून नाही गेल्या. तुमच्या हातात चहा आहे ना, त्याच्यातली साखर तोडायला गेल्यात. परत येतील तेव्हा त्यांची जागा त्यांना मिळेल, मी शब्द दिलाय." मग त्यांनी मागणी मांडली की या महिन्यांत प्रत्येक विश्वस्तानं आठवड्यातली एक सकाळ वॉर्डात द्यावी, पलंगावर झोपून शिकावं आणि कूस बदलायला हात लावावा. कुणाची कंबर धरली, कुणाच्या नातवाची मुंज निघाली. एकानं ड्रायव्हर पाठवला, एकानं केळी. उंटावरून शेळ्या हाकायची सवय असली की खाली उतरणं जमत नाही, त्याला कोण काय करणार.

त्या दिवसांत बाईंनी जे केलं ते मला कुठल्याच कोर्सात कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी कामं बाद केली. व्हरांडा पुसणं बंद. पडदे धुणं बंद. पाहुण्यांना चहा बंद. पण घास, पाणी, सफाई आणि कूस, यातलं काहीही चुकायचं नाही. आम्ही जे उरलो होतो त्यांना त्या म्हणायच्या, "दमलीस तर सांग. दमून रागानं हात लावण्यापेक्षा बाहेर जाऊन बस, मी करते." आणि करायच्या. वयानं पाठ वाकलेली, तरी करायच्या. अध्यक्ष एकदा पाहुण्यांना घेऊन आले आणि व्हरांड्यात धूळ बघून तडकले, "संस्थेची काही इज्जत?" बाई बापूंना कुशीवर घेत होत्या. तशाच म्हणाल्या, "व्हरांड्यात कुणी झोपत नाही साहेब. धूळ पाठीला लागत नाही." अध्यक्षांनी त्यावर 'सेवाभाव' या विषयावर पाहुण्यांना दहा वाक्यं ऐकवली. बाईंना त्या शब्दाचा तिटकारा. आम्हाला म्हणायच्या, "सेवा म्हणू नका गं, काम म्हणा. सेवा म्हटलं की रजा मागता येत नाही आणि चूक झाली तर कुणाला जाब विचारता येत नाही." उन्हाळ्याच्या तोंडाला मावश्या परत यायच्या, काळवंडलेल्या, हातांना घट्टे पडलेल्या. त्या दिवशी सगळ्यांना पुन्हा पलंग. आणि सगळ्यांत आधी बाई स्वतः झोपायच्या, हात गुंडाळून घेऊन, चष्मा काढून. हौसाबाई आधी वाईट करायची, मग नीट. वर्षाचा राग काढून घेते मेली, असं बाई उठल्यावर म्हणायच्या आणि हौसाबाई पदर तोंडाला लावून हसायची.

गणपती बसायच्या सुमाराला बाईंना अर्धांगाचा झटका आला. सकाळी आश्रमाच्या आवारातल्या त्यांच्या खोलीचं दार उघडेना म्हणून कडी तोडली. दवाखान्यात न्यायला हवंच होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. भाचा आणि अध्यक्ष मिळून त्यांना पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. जीव वाचला. मग डॉक्टर म्हणाले, आता औषधं चालू ठेवा, बाकी सगळी शुश्रूषा. मी भाच्याला म्हटलं, शुश्रूषाच करायची तर आमच्याकडे आणा, ते आमचं रोजचं काम आहे. तर तो म्हणतो कसा, "लोक काय म्हणतील ताई? मावशीला वृद्धाश्रमात टाकली म्हणतील." टाकली! ज्या घरात त्या बाईनं उतारवयातली सगळी ताकद घातली, जिथल्या भिंतीची पोपडीन् पोपडी तिला ओळखत होती, तिथं आणणं म्हणजे टाकणं. आणि काचेच्या दरवाज्यांच्या त्या इमारतीत परक्या छताकडं तोंड करून ठेवणं म्हणजे जपणं. या शहाणपणापुढं मी काय बोलणार? तरी बोलले. त्यानं माझा फोन घेणं बंद केलं.

मी पुण्याला गेले, तीच शेवटची भेट. बाई उताण्या. पांढरी शुभ्र चादर ताणून गळ्यापर्यंत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय स्वच्छ ठेवलंय! वाचा गेलेली, उजवं अंग गेलेलं. मी डोळ्यांसमोर जाऊन आधी नाव घेतलं, जसं शिकवलं होतं तसं. बाईंनी ओळखलं. मग डावा हात चादरीवर जरासा सरकला आणि तळवा... भाकरी उलटावी तसा... उताणा झाला. एकदा. मग पुन्हा एकदा. मला समजायला वेळ लागला नाही. मी हात चोळून ऊन केले आणि त्यांना कुशीवर घेतलं. माकडहाडावर लाली होती, मधोमध कातडं सुटायला लागलं होतं. मी अंगात आल्यासारखी नर्सला शोधायला धावले. ती जेमतेम विशीतली, डोळ्यांखाली काळं. म्हणाली, "ताई, या बाजूला मी एकटीच आहे हो." बघितलं तर खरंच एकटी, आणि पलंग किती तरी. तोंडावर आलेली शिवी गिळली. बाई असत्या तर त्या पोरीला बोलल्या नसत्या, एकटीला इतके पलंग ज्यानं दिले त्याची गचांडी धरली असती. मग मी खाली जाऊन टाय घातलेल्या एका साहेबाला गाठलं. तो गोड हसला आणि त्यानं तक्रारपेटी दाखवली. पेटीच्या फटीवर शोभेच्या झाडाची कुंडी ठेवलेली होती. भेटीची वेळ संपली म्हणून मला वर परत सोडलं नाही. बाई कुशीवर होत्या, त्यानंतर त्यांना पुन्हा उताणं कुणी केलं, कधी केलं, कुणी केलं की नाही, मला ठाऊक नाही.

गेल्यावर त्यांना भाच्याच्या घरी आणलं. अंघोळ घालायला, पांढरं पातळ नेसवायला मी आणि हौसाबाई गेलो. कुशीवर घेतलं... आणि हौसाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मूठ मावेल एवढी जखम. हाड दिसत होतं. "कमलबाई," ती कशीबशी म्हणाली, "आपल्या बाईंला... येवडं कसं वं झालं?" जिनं दुसऱ्याच्या अंगावर अशी जखम कधी होऊ दिली नाही, ती शेवटी स्वतः ती घेऊन गेली. मेलेल्या माणसाच्या जखमेला ड्रेसिंग करतात का? नाही करत. आम्ही केलं. सलाइनच्या पाण्यानं धुतली, गॉज भरला, पट्टी नीट, चुणी न पाडता लावली. दाराबाहेरून भाचा दोनदा म्हणाला, "आटपा, पाद्रीसाहेब येऊन बसलेत." आम्ही आटपलं नाही.

दफनानंतर मला ताप भरला आणि मी नेवाशाला जाऊन पडले. बरी होऊन परत आले, वॉर्डच्या दारात पाय ठेवला आणि खिळले. दारापाशीच्या पलंगाभोवती लाल गोंडेदार दोरी. उशीवर बाईंचा फोटो, फोटोला हार, पायथ्याशी उदबत्तीचं घर. चादर इतकी गुळगुळीत ताणलेली की हात लावायची भीती वाटावी. आणि भिंतीला टेकवलेली नवी कोरी संगमरवरी पाटी, 'मेट्रन रूथबाई स्मृतिपलंग', खाली बाईंच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत अध्यक्षांचं नाव. मी म्हटलं, वा! साहेबांनी डाव साधला. पण नाही हो. साहेबांना एवढं सुचतं कुठं. पहिलं फूल हौसाबाईनं ठेवलं होतं. मग दुसऱ्या मावशीनं फोटो आणला, तिसरीनं उदबत्ती, एका ख्रिस्ती बाईला! साहेबांनी ते बघितलं, त्यांना आवडलं, आणि दोरी नि पाटी तेवढी त्यांच्याकडून आली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी दात-ओठ खाऊन गप्प बसले असते. पण आत गेले तर एक नवी मावशी, मंदा, बापूंना पाणी पाजत होती. पाथर्डीकडचीच. यंदा तोडीला जायचं नाही म्हणून कामाला लागलेली, चांगली कष्टाळू बाई. मी विचारलं, "पलंगावर झोपलीस का गं?" ती बिचकली. "त्यो? त्यो तर बाईंचा हाय न्हवं? हौसामावशी म्हनली, पाया पड आन् लाग कामाला." मी बापूंना कुशीवर घेतलं. पाठीखाली चुणी. पाठीवर लाल पट्टा, बोटाएवढा. अजून कातडं शाबूत होतं, वेळेत दिसलं म्हणून पुढं निवळलं. पण त्या क्षणी मला पुण्यातली ती लाली दिसली आणि माझं डोकं फिरलं.

मी हौसाबाईला हाक मारली नाही, बोंब मारली. बाईंचा नियम मोडून, सगळ्या वॉर्डासमोर. "हे काय मांडलंयस? देव्हारा?"

हौसाबाईही कमी नाही. "मग काय करायचं? बाईंच्या पलंगावर कुनीबी येऊन लोळायचं व्हय? पाप लागंल."

"अगं, लोळायलाच ठेवला होता ना त्यांनी तो! स्वतः लोळायच्या, तू उलथं-पालथं करायचीस त्यांना!"

"तवा त्या हुत्या," ती म्हणाली आणि रडायला लागली. "तुमाला कायबी वाटत न्हाई का वं?"

"वाटतं म्हणूनच बोलतेय. त्यांच्या पाठीला तू माझ्याबरोबर पट्टी लावलीस. जा, बापूंची पाठ बघून ये, आणि मग मला पाप सांग."

ती गेली. मी उदबत्ती विझवली, आधीच खोकणाऱ्या म्हाताऱ्या, त्यात हा धूर! दोरी सोडली, हार काढला. पाटी मोरीत पालथी घातली, कपडे आपटायला बरी आहे. फोटो नेऊन ऑफिसात अध्यक्षांच्या खुर्चीच्या बरोबर समोर लावला, बसा म्हणावं नजरेला नजर देऊन. कुणी तरी कळवलंच असणार, कारण साहेबांचा फोन आला. "कमलताई, हे बरोबर नाही. भावना दुखावतील."

"कुणाच्या?"

"समाजाच्या."

"पाठवा समाजाला. सकाळी चहाच्या आधी पाठवा, जेवणापर्यंत झोपवते."

त्यांनी फोन ठेवला. माझी नोकरी राहील की जाईल ते आता त्यांची मीटिंग ठरवेल, तिथं चहा असेलच. तोवर वॉर्ड माझ्याकडे आहे.

मी परत आले तेव्हा हौसाबाई पलंगापाशी उभी होती. डोळे सुजलेले. तिनं ताणलेली चादर ओढून काढली, झटकली, पुन्हा अंथरली, चारी कोपरे खोचले, तळवा फिरवून सगळी सपाट केली. आणि दोन बोटांच्या चिमटीनं, बरोबर कमरेखाली येईल अशा जागी, बाई घालायच्या अगदी तिथंच, तिनं एक चुणी घातली.

"मंदे," ती म्हणाली. "झोप."

मंदा घाबरत घाबरत आडवी झाली. हौसाबाईनं तिचे हात जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि खस्सकन तिच्या अंगावरची चादर ओढली. मी बापूंची वाटी घेऊन पलीकडे भरवायला बसले होते, त्यामुळे उठता येत नव्हतं, पण कान तिकडेच होते. वाटी निम्मी झाली. मग मंदाला राहवलं नाही.

"मावशे... पाठीखाली कायतरी टोचतंय गं."

"म्हाईत हाय," हौसाबाई म्हणाली. "पड तशीच."